धुक्यात कोरडी हवा पाहणारा इंजिनीअर

हिवाळ्यातल्या पहाटे चार माणसे गाडीत बसतात, काचा वर होतात आणि पाच-सात मिनिटांत समोरची काच आतून दुधाळ होते. चालक फडक्याने ती पुसतो. क्षणभर रस्ता दिसतो, मग पुन्हा धूसर. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या ओल्या काचेवर पसरतात आणि त्या दोन-तीन सेकंदांत गाडी अक्षरशः आंधळी धावत असते. यावरचा उपाय डॅशबोर्डवरच असतो, पण थंडीत एसीचे बटण कोण दाबणार, म्हणून तो बहुतेक वेळा तसाच राहतो. थंड करणारे यंत्र थंडीत कशासाठी लावायचे, या कोड्याचे उत्तर ज्याच्या कामात सापडते, त्या माणसाचा मोटारींच्या धंद्याशी संबंध नव्हता. त्याची सुरुवात छापखान्यातल्या कागदापासून झाली.

विलिस हॅविलंड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळच्या अँगोला या गावाकडच्या शेतावर झाला. एकुलता एक मुलगा, घरात सगळी मोठी माणसे. गणितातले अपूर्णांक त्याच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने त्याला तळघरातून सफरचंदे आणायला सांगितली आणि ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून, तुकडे जोडून-वेगळे करून दाखवले. विलिस ११ वर्षांचा असताना आई गेली. सफरचंदांची ती शिकवणी मात्र ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. अवघड प्रश्न समोर आला की आधी त्याचे हाताळता येतील असे तुकडे करायचे, ही सवय त्यांना तिथे लागली.

१८९३ च्या मंदीने घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. विलिसने काही काळ शाळेत शिकवले आणि मग स्पर्धा परीक्षेतून कॉर्नेल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवली. शिष्यवृत्तीत फक्त फी भागे. पोटासाठी लोकांच्या अंगणातले गवत कापणे, भट्ट्या पेटत्या ठेवणे, विद्यार्थ्यांचे कपडे धुण्याची सोय चालवणे, असे सगळे उद्योग केले. १९०१ मध्ये इंजिनीअरिंगची पदवी हातात पडली आणि बफलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर नोकरी लागली. ही कंपनी पंखे आणि गरम हवेची यंत्रे बनवी. लाकूड वाळवणे, कॉफी वाळवणे, कारखाने गरम ठेवणे, अशी ती कामे होती. म्हणजे पुढे ज्यांचे नाव थंडाव्याशी कायमचे जोडले गेले, त्यांची उमेदवारी हवा तापवण्यात गेली.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्यांच्या टेबलावर आली. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी वेगळा यंत्राखालून जातो. दमट दिवशी कागद ओल पिऊन किंचित फुगे, कोरड्या दिवशी आक्रसे. आज लाल रंग छापला आणि उद्या निळा, की दोन्ही एकमेकांवर नीट बसत नसत. उन्हाळ्यात तर गठ्ठेच्या गठ्ठे वाया जात. छापखान्याला गारवा नको होता, हवेतली ओल रोज सारखी हवी होती. वातानुकूलनाचा जन्म माणसांच्या सुखासाठी झाला अशी समजूत आहे, पण तो झाला कागदासाठी.

कॅरिअर यांनी आधी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या गोणपाटातून हवा खेळवून पाहिली. हवा कोरडी झाली, पण बरोबर क्षारही आला. तो मार्ग सोडून त्यांनी हवामान खात्याचे तक्ते पुढ्यात घेतले आणि थंड नळ्यांच्या वेटोळ्यांवरून हवा नेण्याची योजना आखली. तिच्या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. बारा महिने आर्द्रता ५५ टक्के ठेवायची, हे उद्दिष्ट. त्या यंत्रणेची थंड करण्याची ताकद रोज सुमारे ४९,००० किलो बर्फ वितळण्याइतकी होती.

थंड नळ्यांनी ओल का कमी होते? हवेत वाफ किती मावेल हे तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना ९ आणि शून्याला पाचपेक्षाही थोडे कमी. हवा थंड करत नेली की एका तापमानाला ती काठोकाठ भरते. त्याला दवबिंदू म्हणतात. त्याखाली गेले की जास्तीचे पाणी सर्वांत थंड जागा शोधून तिथे थेंब होऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर हेच होते आणि थंडीत गाडीच्या काचेवरही हेच.

छापखान्याचे काम झाले, पण कॅरिअर यांचे समाधान झाले नव्हते. त्याच वर्षी हिवाळा तोंडावर आलेला असताना ते एका संध्याकाळी पिट्सबर्गच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. थंडी गोठणबिंदूच्या आसपास आणि फलाटावर दाट धुके. येरझाऱ्या घालताना त्यांच्या मनात गणित चालू होते. धुके आहे, म्हणजे हवा पाण्याने १०० टक्के भरलेली आहे. पण तापमान इतके कमी, म्हणजे त्या भरलेल्या हवेत प्रत्यक्ष पाणी अगदी थोडे आहे. हीच हवा आत घेऊन तापवली तर ती कोरडी ठरेल. मग हवे त्या तापमानाचे धुके आपणच तयार केले आणि हवा त्यातून नेली, तर तिच्यात नेमके किती पाणी राहील हे आपल्या हातात येईल.

कल्पना ऐकायला वेडगळ होती. हवा सुकवण्यासाठी तिच्यावर पाणी फवारायचे! पण फवाऱ्याचे पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तर तिच्यातली वाफ त्या थेंबांवर जमते आणि खाली गळून जाते. हजारो थंड थेंब म्हणजे हजारो छोट्या थंड काचाच. हवा तिथून बाहेर पडली की तिला हवी तेवढी ऊब द्यायची. या यंत्राचे पेटंट २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले. हवा आधी थंड करून तिच्यातले पाणी काढायचे, मग ती गरम करायची, हा क्रम त्यानंतर बदललेला नाही.

गाडीचे डिफॉग बटण याच क्रमाने काम करते. श्वास आणि त्वचा मिळून एक माणूस तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे, ओले कपडे, पायाखालची भिजलेली चटई. एवढी वाफ बंद डब्यात कोंडली की दवबिंदू वर चढतो आणि काच त्याहून थंड असते. नुसता हीटर लावला तर काच तापायला वेळ जातो, आणि तोवर गरम हवा चटईतले पाणीही वाफ करून उचलते. एसी लावला की डॅशबोर्डमागच्या थंड नळ्यांवर ती वाफ थेंब होऊन गाडीखाली गळते. मग कोरडी झालेली हवा इंजिनच्या गरम पाण्याने तापलेल्या जाळीतून काचेवर येते. म्हणून एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवण्यात काहीही विसंगत नाही. काटा गरमकडे, हवेचा झोत काचेकडे, एसी चालू.

आणि बाहेरची हवा आत घ्यायची. इथे बहुतेकांची गफलत होते. बाहेर धुके दिसते म्हणून लोक आतलीच हवा फिरवणारे बटण दाबतात, आणि सगळ्यांचा श्वास पुन्हापुन्हा काचेवर येतो. पिट्सबर्गच्या फलाटावरचे गणित इथे जसेच्या तसे लागू पडते. शून्य अंशाची धुक्याने भरलेली हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. कडाक्याच्या थंडीत नळ्यांवर बर्फ धरू नये म्हणून अनेक गाड्यांचा कॉम्प्रेसर आपोआप बंद राहतो, तेव्हा ही बाहेरची हवाच काच साफ करते. आपल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण उलटे होऊ शकते. घाटात एसीचा गार झोत काचेवर सोडला तर काच बाहेरच्या दमट हवेच्या दवबिंदूखाली जाते आणि धुके बाहेरून धरते. ते वायपरने निघते. तेव्हा झोत काचेवरून वळवायचा किंवा हवा थोडी कोमट करायची. आधी बोटाने काच पुसून ओल आत आहे की बाहेर ते बघावे, हे उत्तम. गाडी उभी असताना, अर्थात.

डिसेंबर १९११ मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांना बांधणारी सूत्रे मांडली. त्यावर आधारलेला सायक्रोमेट्रिक चार्ट आजही एसीच्या इंजिनीअरांच्या हाताशी असतो. एअर कंडिशनिंग हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनीअराने काढला.

१९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्यांची यंत्रणा सुरू झाली, तेव्हा प्रेक्षक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. सभागृह गार होत गेले तसे ते पंखे एकेक करून मांडीवर आले. पुढे अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहे झाली. घरात मात्र दुःख होते. पहिली पत्नी क्लेअर १९१२ मध्ये वारल्या, दुसऱ्या पत्नी जेनी १९३९ मध्ये.

त्याच सुमारास पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार बाजारात आणली. यंत्राचा मोठा भाग डिकीत. बंद करायचे तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. दोन-एक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. कॅरिअर यांचे ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले, तेव्हा मोटारीतला एसी जवळजवळ विसरला गेला होता. गरम आणि थंड हवेची सोय पुढच्या बाजूला एकाच संचात असलेली नॅश कंपनीची गाडी १९५४ मध्ये आली. हवे ते तापमान एकाच चकतीवर ठरवा आणि बाकीचे यंत्रावर सोपवा, अशी सोय कॅडिलॅकने १९६४ च्या गाड्यांत दिली.