ज्याँ पियेर मेन्याँ

ज्याँ पियेर मेन्याँ (१८२८ – १९०५) हे फ्रेंच लष्करातील पशुवैद्य, परजीवीशास्त्रज्ञ व कीटकशास्त्रज्ञ होते. मृतदेहावर निरनिराळे कीटक ठरावीक क्रमाने येतात आणि त्यावरून मृत्यूनंतर किती काळ लोटला याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी पद्धतशीरपणे मांडले. न्यायवैद्यक कीटकशास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन व प्रारंभीचे कार्य

मेन्याँ यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील एरिमोंकूर येथे झाला. पॅरिसजवळील आल्फोर येथील पशुवैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेऊन ते लष्करी सेवेत दाखल झाले. जनावरांना होणाऱ्या लूत, खरूज अशा रोगांच्या निमित्ताने माइट या कोळीवर्गातील अतिसूक्ष्म प्राण्यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. परजीवी व परजीवीजन्य रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला.

न्यायवैद्यकातील प्रश्न

शरीराचे तापमान व ताठरपणा यांवरून मृत्यूची वेळ ठरविणे पहिल्या काही दिवसांपुरतेच शक्य असते. त्यापुढील काळासाठी तत्कालीन वैद्यकाकडे भरवशाचे साधन नव्हते. १८५० मध्ये फ्रान्समधील आर्ब्वा या गावी एका घराच्या चुलाण्यामागे अर्भकाचा वाळलेला मृतदेह सापडला. त्या घरात मागील काही वर्षांत एकामागून एक अनेक भाडेकरू राहून गेले होते. त्यामुळे मृत्यूचे वर्ष ठरल्याशिवाय संशय कोणावर घ्यावा हे ठरत नव्हते. डॉ. बर्जेरे यांनी कीटकांच्या आधारे मृत्यू १८४८ मधील असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र माशीच्या पूर्ण वाढीस सुमारे वर्ष लागते हे त्यांचे गृहीतक चुकीचे होते.

१८७८ चे प्रकरण

जानेवारी १८७८ मध्ये पॅरिसमधील न्यायवैद्यकतज्ज्ञ पॉल ब्रुआर्देल यांनी एका नवजात अर्भकाच्या शुष्क मृतदेहाची तपासणी केली. त्यावरील जीवांच्या परीक्षणासाठी त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ पेरिये व मेन्याँ यांचे साहाय्य घेतले. देहावरील तपकिरी थर माइटच्या अवशेषांचा असल्याचे मेन्याँ यांना आढळले. त्यांच्या हिशेबाने जिवंत व मृत मिळून माइटची संख्या सुमारे २४ लाख होती. पंधरा दिवसांनी १० माद्या व ५ नर, या प्रमाणात वाढ धरल्यास ९० दिवसांत १० लाख माद्या व ५ लाख नर होतात. माइट येण्यापूर्वी देह वाळण्यास लागलेला काळ त्यात मिळवून, मृतदेह किमान पाच महिने, बहुधा सात ते आठ महिने, तेथे पडून असावा असे मत त्यांनी दिले.

आठ टप्प्यांचा सिद्धान्त

मेन्याँ यांनी १८८७ मध्ये थडग्यांतील कीटकांवर, तर १८९४ मध्ये मृतदेहांवरील प्राणिसृष्टीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उघड्यावर पडलेल्या मृतदेहावर कीटकांच्या आठ तुकड्या क्रमाने येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. घरमाशी, निळी माशी यांसारख्या माश्या ताज्या देहावर अंडी घालतात. दुर्गंधी सुटल्यावर हिरव्या माश्या व मांसमाश्या येतात. चरबी आंबू लागल्यावर कातडी खाणारे भुंगेरे येतात. देह सुकत गेल्यावर माइट व त्यानंतर कसर दिसू लागते. शेवटच्या तुकडीतील भुंगेरे सुमारे तीन वर्षांनंतर उरलेसुरले अवशेष खातात. हवा व माश्यांना अटकाव होत असल्याने पुरलेल्या देहांवरील क्रम वेगळा असतो, हेही त्यांनी नोंदविले.

मर्यादा व प्रभाव

या ग्रंथामुळे कीटकांच्या पुराव्याकडे युरोप व उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले. कॅनडात जॉन्स्टन व व्हिलनव्ह यांनी १८९७ मध्ये मेन्याँ यांच्या पद्धतीची स्थानिक परिस्थितीत पडताळणी केली. पुढील अभ्यासांतून तापमान, ऋतू, प्रदेश, ऊनसावली व झाकलेली जागा यांनुसार कीटकांच्या जाती व त्यांच्या येण्याचा काळ बदलतो, हे स्पष्ट झाले. आठ तुकड्यांच्या सीमाही प्रत्यक्षात इतक्या रेखीव नसतात. म्हणून फ्रान्समधील निरीक्षणांवर आधारलेले वेळापत्रक अन्यत्र जसेच्या तसे लावल्यास निरपराध व्यक्तीवर संशय येऊ शकतो किंवा अपराधी सुटू शकतो. आज तज्ज्ञ स्थानिक जातींच्या वाढीचा वेग व घटनास्थळाचे तापमान यांची सांगड घालून अंदाज बांधतात. तथापि कीटकांच्या क्रमावरून काळ मोजण्याचे मेन्याँ यांचे मूळ तत्त्व, विशेषतः जुन्या मृतदेहांच्या बाबतीत, आजही उपयोगात आहे.