एक्स्प्लेनर : गोदावरीची तब्येत सांगेल माशांची 200 वर्षांपूर्वीची यादी! कोण होते कर्नल साइक्स?

नदी आजारी आहे की ठणठणीत, हे कसं कळतं? पाण्याचा नमुना लॅबमध्ये जातो. बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर किंवा विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर ते पाणी आंघोळीच्याही लायक नाही. पण हा आकडा नमुना घेतला त्या वेळेपुरता. शहागडच्या पुलाखालच्या गोदापात्रात कोणते मासे टिकले, कोणते गेले, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी जुनी यादी हवी. दख्खनच्या नद्यांची अशी सुरुवातीची मोठी यादी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली.

लढाईतून मोजणीकडे

साइक्स यांचा जन्म 1790 मध्ये इंग्लंडचा. पोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आले. 1817 च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. 1824 मध्ये एल्फिन्स्टन यांच्या सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. लोकसंख्या, पिकं, हवामान यांच्या जोडीने त्यांनी पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. 1829 मध्ये काटकसर म्हणून हे पदच रद्द झालं (सरकारी सर्व्हेचं नशीब तेव्हाही हेच!). तरी काम पुरं करूनच ते 1831 मध्ये मायदेशी परतले.

1839 मध्ये माशांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून जास्त जाती होत्या. गंमत म्हणजे अनेक माशांच्या शास्त्रीय नावांत त्यांनी स्थानिक नावंच ठेवली. आपला शिंगाळा आजही विज्ञानात 'सीनघाला' आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर 'खुद्री' झाला.

शहागडला याचा उपयोग काय?

शहागड तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि साइक्स यांचे बरेचसे मासे भीमेच्या खोऱ्यातले. म्हणजे ही यादी जशीच्या तशी इथे लागू होत नाही. पण शिंगाळ्यासारखे यादीतले अनेक मासे गोदावरीतही आढळतात, म्हणून तुलनेची सुरुवात इथून करता येते. 1976 मध्ये वर पैठणला जायकवाडी धरण झालं, तेव्हा वाहत्या पाण्यात वर-खाली फिरणाऱ्या माशांची वाट अडली. वाळू उपशाने तळ खरवडला की तळाशी राहणाऱ्या, तिथेच अंडी घालणाऱ्या जाती आधी जातात. दरवर्षी त्याच जागी, त्याच हंगामात, तेच जाळं टाकून जाती मोजल्या, तर हा बदल पकडता येतो. जाळ्यात नुसती चिलापी येऊ लागली, तर लॅबचा रिपोर्ट चांगला असूनही नदी बिघडलेली असू शकते.

एक मोठी उणीव मात्र आहे. साइक्स यांच्या यादीत कोणता मासा आहे ते कळतं, किती होता ते नाही.

पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, 1857 पासून ॲबर्डीनचे खासदार राहिले आणि 1872 मध्ये वारले. त्यांनी नाव दिलेल्या खुद्री महसीरची पिल्लं नंतर लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात तयार होऊ लागली आणि देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली. त्यामुळे आज एखाद्या नदीत खुद्री सापडला, तर तो मूळचा की सोडलेला, हे आधी तपासावं लागतं.