स्वयंपाकघरातलं इंजिन

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. परीक्षेचा पेपर सोडला तर मराठीत मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण ही गोष्ट मराठीतच लिहायची होती, कारण ती मी सगळ्यात आधी बाबांना सांगितली, आमच्या घरामागच्या शेडमध्ये, लेथ बंद करून.

बाबा टर्नर आहेत. त्या शेडमध्ये यंदा आमचा ग्रुप प्रोजेक्टसाठी एका सिलेंडरचं छोटंसं पेट्रोल इंजिन बनवतोय. बिडाचा तुकडा चकमध्ये धरण्यापासून सगळं स्वतः. तीन महिने झाले, पण फ्लायव्हील फिरवलं की नुसतं फुस्स! सबमिशन तोंडावर आलं. दोघांचं म्हणणं पडलं की तयार मॉडेल विकत मिळतं, ते आणू, रंग मारू आणि मोकळे होऊ. खोटं कशाला बोलू, मीही हो म्हणणार होते. त्याच आठवड्यात लायब्ररीत हेन्री फोर्डचं चरित्र हाताला लागलं.

फोर्ड म्हटलं की आपल्याला मॉडेल टी आणि असेंब्ली लाइन आठवते. पण त्याचं पहिलं इंजिन कारखान्यात नाही, घरात बनलं, हे मला तरी माहीत नव्हतं.

हेन्रीचा जन्म 30 जुलै 1863 चा, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नजवळच्या एका शेतावर. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. मुलानं शेती सांभाळावी ही त्यांची इच्छा, आणि मुलाला शेतीचा कंटाळा! त्याचा जीव घड्याळं उघडण्यात रमायचा. हत्यारं नव्हती, तर खिळा घासून त्याचा स्क्रूड्रायव्हर केला. 1876 मध्ये आई गेली. त्याच वर्षी रस्त्यावर त्यानं एक वाफेचं इंजिन पाहिलं, घोड्यांशिवाय स्वतःच्या ताकदीवर चालणारं. ते दृश्य तो जन्मभर विसरला नाही.

1879 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो डेट्रॉइटला गेला आणि मशीन शॉपमध्ये उमेदवारी करू लागला. म्हणजे आपण ज्या वयात अकरावीच्या ॲडमिशनसाठी रांगा लावतो, त्या वयात हा गडी लेथवर उभा होता. पुढे गावी परतून त्यानं शेतकऱ्यांची वाफेची इंजिनं दुरुस्त केली. 1888 मध्ये क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. वडिलांनी जमीन दिली, त्यानं तिथली झाडं कापून विकली, पण मन काही लागेना. 1891 मध्ये तो क्लाराला घेऊन पुन्हा डेट्रॉइटला आला आणि एडिसनच्या नावानं चालणाऱ्या वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला. इंजिनमध्ये ठिणगीसाठी वीज लागते आणि विजेचं त्याला फारसं कळत नव्हतं, म्हणून ही नोकरी. मला हे फार आवडलं. जे येत नाही ते शिकायला तो चक्क नोकरी बदलतो!

नोकरी सांभाळून त्यानं घरी इंजिन बनवायला घेतलं. सिलेंडर म्हणजे एक इंच बोअरचा गॅसच्या पाइपाचा तुकडा. फ्लायव्हील म्हणजे जुन्या लेथचं हातचाक. पिस्टन आणि रिंगा घरी बनवलेल्या. हे सगळं एका लाकडी फळीवर बसवलेलं. कार्ब्युरेटर नाहीच.

24 डिसेंबर 1893, नाताळची आदली रात्र. बॅगली ॲव्हेन्यूवरचं भाड्याचं घर. मुलगा एडसेल जेमतेम दीड महिन्याचा. क्लारा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या तयारीत. तेवढ्यात नवरा ती फळी घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला आवळून बसवली. ठिणगीसाठी छताच्या दिव्याची वायर खाली ओढली. क्लारानं हातातलं काम सोडलं आणि पेट्रोल थेंब थेंब सोडत राहिली. त्यानं फ्लायव्हील फिरवलं. एकदा नाही झालं. पुन्हा फिरवलं, आणि इंजिन सुरू झालं! धूर, ज्वाळा, सिंक थडथडतंय... (मित्रांनो, हे कृपया घरी करू नका.) ते थोडाच वेळ चाललं, पण तेवढं पुरेसं होतं.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली चारच. वर्कशॉपमध्ये आम्हाला जॉब धरायला किंवा रीडिंग लिहून घ्यायला सांगतात, तेव्हा राग येतो. पण त्या रात्री पेट्रोलचा हात क्लाराचा होता. तो थोडा जास्त हलला असता तर इंजिन घुसमटलं असतं, कमी पडला असता तर सुरूच झालं नसतं. म्हणजे त्या इंजिनचा कार्ब्युरेटर तीच होती. टेक्स्टबुकात मात्र तिचं नाव कुठेच नाही.

पुढे घरामागच्या शेडमध्ये त्यानं सायकलच्या चार चाकांची, दोन सिलेंडरची गाडी बनवली. 4 जून 1896 च्या पहाटे ती तयार झाली तेव्हा लक्षात आलं की दार गाडीपेक्षा अरुंद आहे. एवढा मोठा इंजिनिअर, आणि दाराचं माप घ्यायला विसरला! मग कुऱ्हाडीनं विटा पाडून गाडी बाहेर काढली.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं नाही. 1899 मधली पहिली कंपनी 1901 मध्ये बंद पडली. दुसरी त्यानं भागीदारांशी न पटल्यामुळे 1902 मध्ये सोडली, तिचीच पुढे कॅडिलॅक झाली. 1903 मध्ये फोर्ड मोटर कंपनी, 1908 मध्ये मॉडेल टी. 1913 मध्ये हलती असेंब्ली लाइन आली आणि साडेबारा तासांचं चॅसिस जोडणीचं काम दीड तासावर आलं. 1914 मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. 1927 पर्यंत दीड कोटी मॉडेल टी रस्त्यावर आल्या.

पण माणूस देव नव्हता. 1920 पासून त्याच्या मालकीच्या साप्ताहिकात ज्यूंविरुद्ध विषारी लेख छापले गेले, 1927 मध्ये त्याला माफी मागावी लागली. 1937 मध्ये कंपनीच्या माणसांनी युनियनच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली. हे वाचून मी खट्टू झाले. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की हात चांगले असले म्हणून मन चांगलं असेलच असं नाही.

1943 मध्ये एडसेल बापाच्या आधी गेला. 7 एप्रिल 1947 ला हेन्री वारला. नदीला पूर आल्यामुळे त्या रात्री घरची वीज गेली होती. एकेकाळचा वीज कंपनीचा चीफ इंजिनिअर, शेतावर जन्मला होता तसाच कंदील-मेणबत्तीच्या उजेडात गेला. क्लारा शेजारी होती.

हे सगळं ऐकून बाबांनी काही न बोलता आमचा पिस्टन उचलला आणि दिव्यासमोर धरला. रिंग एका बाजूला घासलीच नव्हती, कॉम्प्रेशन तिथूनच पळत होतं. मी नवीन रिंग बनवली. पहिली चढवताना मोडली, दुसरी बसली. शुक्रवारी रात्री आईला शेडमध्ये बोलावलं, टॉर्च धरायला नाही, फ्लायव्हील फिरवायला. इंजिन तीनदा फट् फट् फट् झालं आणि थांबलं. आई दचकून मागे सरली आणि मग हसायलाच लागली.

अजून ते सलग चालत नाही. पेट्रोल जास्त जातंय, जेट पुन्हा करायचाय. पण तयार मॉडेल आणायचं नाही, हे ग्रुपमध्ये ठरलंय. व्हायव्हाला हे चालत का नाही असं विचारलं, तर निदान त्याचं उत्तर तरी मला येतं.