शेठ प्रेमचंद रायचंद

या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहो, ते शेठ प्रेमचंद रायचंद आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते सुरतेचे जैन वणिक. परंतु ज्या मुंबई शहरी आपली बरीच कुटुंबे पोटापाण्यास्तव येऊन स्थायिक झाली, त्या शहराच्या पैशाच्या व्यवहाराची घडी बसविणाऱ्यांत, आणि एकदा ती पार विसकटून टाकणाऱ्यांतही, त्यांचे नाव अग्रभागी आहे. म्हणून त्यांची हकीकत आपल्या घरोघरी माहीत असावी असे आम्हांस वाटते.

प्रेमचंदांचा जन्म 1831 साली सुरतेस झाला. वडील रायचंद दीपचंद हे बेताच्या स्थितीचे व्यापारी. ते मुलास घेऊन मुंबईस आले आणि मुलाने इंग्रजी विद्या संपादन केली. त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी जाणणारे ते पहिलेच समजले जातात. बँकेच्या गोऱ्या चिटणिसाशी दुभाष्याशिवाय बोलू शकणारा दलाल म्हणजे त्या वेळी केवढी अपूर्वाई असेल, याची आजच्या तरुणांस कल्पना येणार नाही. विशीच्या सुमारास त्यांनी दलालीस आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत बाजारात त्यांचा शब्द चालू लागला.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. मग हिंदुस्थानचा कापूस, ज्याला तोवर हलका म्हणून नाके मुरडली जात, कित्येक पटींनी महाग विकू लागला. चार वर्षांत मुंबईत सात कोटी पौंडांहून अधिक जादा संपत्ती आली असा अंदाज आहे. हा पैसा ठेवावयाचा कोठे? त्याचे उत्तर प्रेमचंदांनी दिले. भांडवल उभारून नव्या कंपन्या काढावयाच्या, त्यांचे शेअर वाटावयाचे, आणि त्याच शेअरांच्या तारणावर बँकांकडून कर्ज काढून द्यावयाचे, हा उद्योग त्यांनी अभूतपूर्व प्रमाणावर चालविला. 1865 च्या आरंभी मुंबईत 31 बँका आणि 16 वित्तसंस्था होत्या! बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. नव्या कंपनीचे शेअर आपल्या वाट्यास यावेत म्हणून प्रेमचंदांच्या भायखळ्याच्या बंगल्यावर सकाळपासून लहानथोरांची रीघ लागत असे. त्यांत व्यापारी होते, कारकून होते, इंग्रज अंमलदारही होते.

येथवर कोणास दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो बँक ऑफ बॉम्बेच्या प्रकरणात. ही 1840 साली स्थापन झालेली निमसरकारी बँक. सरकारचे भांडवल तीत होते आणि सरकारचे संचालकही होते. 1863 च्या कायद्याने तिच्यावरील जुने निर्बंध सैल होऊन शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. तेव्हापासून प्रेमचंदांची चिठ्ठी हेच तारण होऊन बसले. ते ज्याचे नाव सुचवीत त्यास कर्ज मिळे. स्वतः त्यांस तर मागेल तितके मिळे.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेकडील सेनापती ली शरण गेला. कापसाचा भाव कोसळला आणि 1 जुलै रोजी, मुदतीच्या सौद्यांची फेड करावयाच्या दिवशी, पैसे देण्यास कोणीच समर्थ नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांपर्यंत चढला होता तो 87 रुपयांवर आला. प्रेमचंदांचे दिवाळे 1866 साली निघाले आणि 1868 साली बँकही बुडाली. तिच्या भांडवलापैकी बहुतेक सर्व नाहीसे झाले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने या व्यवहाराचा पंचनामा केला. आमच्या मते मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांचा अपराध मोठा. शेअर हे प्रेमचंदांचे दुकानच होते. परंतु संचालक व चिटणीस हे लोकांच्या ठेवींचे राखणदार होते, आणि एका माणसाच्या वजनापुढे त्यांनी किल्ल्या टाकून दिल्या. तथापि आपले वजन कोठवर वापरावे हे प्रेमचंदांस कळत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या नावावर विसंबून ज्यांनी घरदार गमावले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

प्रेमचंदांचे नाव मात्र टिकले, ते दानधर्मामुळे. 1864 साली, भरभराटीच्या ऐन दिवसांत, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास मातोश्रींचे नाव द्यावे एवढीच इच्छा प्रकट केली. सर गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज शिल्पज्ञाने मुंबईस न येताच आराखडा केला आणि 1878 साली 280 फूट उंचीचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला. आई दृष्टिहीन असून, जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे म्हणून तिला टोल ऐकू यावेत, या हेतूने तो बांधला अशी आख्यायिका सांगतात. सहलीस आणलेल्या मुलांस ती सांगितली की ती हमखास वर पाहत, हा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख दिले. त्यांच्या नावाची तेथील शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी व जदुनाथ सरकार यांसारख्या विद्वानांस मिळाली. अहमदाबादेस शिक्षकांसाठी असलेले ट्रेनिंग कॉलेजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. दिलेला पैसा उधाणाच्या दिवसांतला होता खरा. पण तो विद्यापीठाकडे पोचला म्हणूनच उरला, घरात असता तर 1866 साली सावकारांनी नेला असता.

दिवाळे निघाल्यावर तोंड चुकवून गाव सोडणारे पुष्कळ होते. प्रेमचंद मुंबईतच राहिले. ज्या बाजारात लोक त्यांच्यासाठी वाट करून देत, त्याच बाजारात ते पुन्हा दलाल म्हणून उभे राहिले. 1875 साली देशी शेअर दलालांनी आपले मंडळ स्थापन केले, तेच आजचे मुंबई शेअर बाजार. त्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पूर्वीचे ऐश्वर्य परत आले नाही, पण पत हळूहळू परत आली, आणि ते अखेरपर्यंत धंद्यात होते. 1906 साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ती सारी उलथापालथ तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेले सर दिनशा वाच्छा यांनी पुढे 1913 साली त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.