पाच इंची पडद्यावरचे टेनिस

अंबरनाथच्या एमआयडीसीत सायंकाळची पाळी सुटली, की आनंदनगरच्या रस्त्यावर रिक्षाची वाट पाहणाऱ्या तरुण मुलांच्या गप्पांमध्ये अलीकडे एक नवाच विषय कानी पडतो. बोनस हाती आला आहे, घरी कॉम्प्युटरही आहे. पण गेम खेळायचे तर मॉनिटर कोणता घ्यावा? २४ इंची पुरे, की २७ इंची हवा? ६० हर्ट्झवर भागेल, की १४४ हर्ट्झसाठी आणखी काही हजार मोजावेत? या चर्चेत भाग घेणारा एखादा मुलगा दिवसभर ज्या कारखान्याच्या चाचणीकक्षात काम करतो, तेथे टेबलावर ऑसिलोस्कोप नावाचे उपकरण असते. विजेच्या दाबातील चढउतार ते पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवते. कारखान्यातला तो रूक्ष पडदा आणि घरी आणावयाचा तो देखणा मॉनिटर यांचे नाते फार जवळचे आहे. हे नाते ज्यांनी जुळवले, त्या विल्यम हिगिनबोथम यांना मात्र आपली ही ओळख फारशी रुचली नाही.

हिगिनबोथम यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९१० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. बालपण न्यूयॉर्क राज्यातील कॅलिडोनिया या लहानशा गावी गेले. १९३२ मध्ये विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकावयास गेले. ते मंदीचे दिवस होते. डॉक्टरेट काही पूर्ण झाली नाही. पण तेथील प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करताना इलेक्ट्रॉनिक्सची विद्या त्यांच्या हातात बसली, आणि पुढे आयुष्यभर त्यांना उपयोगी पडली ती हीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत दाखल झाले. हे नाव मुद्दाम फसवे ठेवलेले होते. काम चालत असे रडारचे. रडारच्या लहरी लक्ष्यावर आपटून परत येतात, पण त्या माणसाला दिसणार कशा? त्यासाठी पडदा हवा. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेली ऋणकिरण नलिका येथे कामी आली. निर्वात काचनळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, तो वळवून पडद्याच्या आतील लेपावर आदळवायचा आणि आदळेल तेथे प्रकाशाचा ठिपका उमटवायचा, ही तिची युक्ती. हिगिनबोथम यांचे काम होते विमानातील रडारच्या या पडद्यांचे.

येथे मॉनिटर घेणाऱ्याने क्षणभर थांबावे, कारण पडद्याच्या निवडीतील एक जुना पेच येथेच सापडतो. रडारचा अँटेना सावकाश फिरतो. त्याची एक फेरी पुरी होईपर्यंत आधीचा ठिपका विझून गेला, तर चालकाला काहीच उमजणार नाही. म्हणून रडारच्या पडद्याला प्रकाश काही वेळ धरून ठेवणारा लेप मुद्दाम लावला जाई. उलट जेथे ठिपकाच वेगाने धावतो, तेथे हाच गुण दोष ठरतो आणि धावणाऱ्या ठिपक्यामागे अंधूक शेपूट राहते. आजच्या सपाट मॉनिटरमध्ये असा लेप नसतो, द्रव स्फटिक असतात. पण ते आपली अवस्था बदलण्यास वेळ लावू लागले, की गेममधील धावत्या मोटारीमागे तशीच सावली दिसते. खोक्यावर रिस्पॉन्स टाइम म्हणून मिलिसेकंदांचा जो आकडा छापलेला असतो, तो या शेपटीचा. दुकानातील स्थिर, रंगीत निसर्गचित्र पाहून मॉनिटर पसंत करणाऱ्यास ती दिसतच नाही.

रडारवरून हिगिनबोथम गेले ते थेट अणुबाँबकडे. १९४३ च्या अखेरीस ते लॉस अलामोस येथे आले आणि पुढे तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रमुख झाले. बाँबच्या स्फोटाची वेळ अचूक साधणाऱ्या विद्युत मंडलांची जबाबदारी त्यांच्या गटाकडे होती. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणी स्फोट झाला, तेव्हा ते दुरून तो पाहत होते. तीन आठवड्यांनी हिरोशिमा, त्यानंतर नागासाकी. धर्मोपदेशकाच्या या मुलाने त्यानंतर जो मार्ग धरला, तो त्या उजेडातूनच निघालेला दिसतो.

युद्ध संपताच अणुशास्त्रज्ञांनी आपली संघटना उभारली. तीच पुढे फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स म्हणून प्रसिद्धीस आली. हिगिनबोथम तिचे पहिले अध्यक्ष. अणुशक्ती लष्कराच्या मुठीत राहू नये, तिचे नियंत्रण नागरी मंडळाकडे असावे, हा तिचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडले आणि लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हे काम सोपे नव्हते. परंतु १९४६ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि नागरी आयोग अस्तित्वात आला. त्या यशात या शास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता.

त्यानंतर हिगिनबोथम न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आले. ही प्रयोगशाळा १९४७ मध्ये स्थापन झाली ती कँप अप्टन या लष्करी छावणीच्या जागेवर. कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, हे ज्यांना ठाऊक आहे आणि जे आजही घराचा पत्ता कँप नंबरनेच सांगतात, त्यांना ब्रूकहेवनची ही कुळकथा परकी वाटणार नाही. या जुन्या छावणीत हिगिनबोथम उपकरण विभागाचे प्रमुख झाले. अणुभौतिकीच्या प्रयोगांसाठी मोजमापाची साधने तयार करणे हे त्यांच्या विभागाचे काम. माणूस गमत्या होता. अकॉर्डियन वाजवी, लोकनृत्यांचे खेळ रंगवी.

दरवर्षी शरद ऋतूत प्रयोगशाळा सामान्य लोकांना खुली होत असे. शेजारी अणुभट्टी चालते म्हणजे नेमके काय चालते, याविषयीची भीती दूर व्हावी, हा त्यामागील हेतू. पण दाखवायचे काय? भिंतीवर फोटो आणि टेबलावर निश्चल उपकरणे. पाहुणे जांभया देत पुढे सरकत. १९५८ च्या प्रदर्शनाची तयारी करताना हिगिनबोथम यांच्या मनात आले, की लोकांना हात लावता येईल, खेळता येईल असे काही ठेवावे.

विभागात एक लहान अॅनालॉग संगणक होता. आजच्या संगणकासारखा तो आकडे मोजत नसे. विजेचा दाब कमी-अधिक करून गणिते सोडवीत असे. उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग त्यावर कसा काढता येतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिलेले होते. चेंडू आहे तर मध्ये जाळे घालावे आणि दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू उभा करावा, ही भर हिगिनबोथम यांची. आराखडा काही तासांत तयार झाला. जोडणी करण्यास त्यांना आणि रॉबर्ट ड्वोरॅक या तंत्रज्ञास सुमारे तीन आठवडे लागले. खेळासाठी नवा पडदा विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप होते, त्यांतलाच एक घेतला. पडद्याचा व्यास ५ इंच.

त्या पडद्यावर टेनिसचे मैदान बाजूने पाहिल्यासारखे दिसे. खाली एक आडवी रेघ, मध्यावर एक छोटी उभी रेघ आणि हवेतून जाणारा एक प्रकाशबिंदू. बॅट नव्हती, गुणफलक नव्हता. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक डबी. तिच्यावरील खुंटी फिरवून फटक्याचा कोन ठरवायचा आणि बटण दाबून चेंडू टोलवायचा. चेंडू जाळ्याला लागला तर अडे, जमिनीवर पडला तर टप्पा घेई. झोत तर एकच होता, मग जमीन, जाळे आणि चेंडू एकाच वेळी कसे दिसत? तो झोत या तिघांमध्ये आलटून पालटून इतक्या वेगाने फिरवला जाई, की डोळ्याला तिन्ही गोष्टी स्थिर भासत. ही झटपट अदलाबदल करण्यासाठी हिगिनबोथम यांनी त्या काळी नव्याने वापरात येऊ लागलेले ट्रान्झिस्टर लावले होते.

आणि या पडद्याचा सर्वांत मोठा गुण पाहुण्यांच्या लक्षातही आला नसेल. बटण दाबणे आणि ठिपका वळणे यांच्यामध्ये थांबण्यासारखे फारसे काही नव्हतेच. आजचा मॉनिटर चित्रे एकामागून एक दाखवतो. ६० हर्ट्झचा असेल तर दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंदांचे अंतर पडते, १४४ हर्ट्झचा असेल तर सुमारे ७. त्यात मॉनिटरच्या आतील मंडलाला चित्रावर संस्कार करण्यासाठी लागणारा वेळ मिळवावा लागतो, आणि हा आकडा खोक्यावर बहुधा छापलेलाच नसतो. गेम खेळणाऱ्याला हवा असतो तो मुख्यतः हाताला तत्काळ उत्तर देणारा पडदा. आकार आणि रंग त्यानंतर. ब्रूकहेवनच्या टेबलावरील त्या हिरवट वर्तुळात रंग नव्हते, तपशील नव्हता, पण उत्तर तत्काळ मिळत होते.

१८ ऑक्टोबर १९५८ रोजी प्रदर्शन भरले आणि इतर उपकरणे ओस पडली. शेकडो माणसे रांग लावून उभी राहिली. शाळकरी मुले तर हलेनात. पुढच्या वर्षी खेळ पुन्हा मांडला तो मोठ्या पडद्यावर, हे ओघानेच आले. मॉनिटर बदलणारा कोणीही प्रथम आकारच वाढवतो. मात्र खरी सुधारणा पडद्याच्या आकारात नव्हती. आता चंद्रावरच्या अल्प गुरुत्वाकर्षणात चेंडू कसा तरंगेल आणि गुरू ग्रहावर कसा धपकन पडेल, हेही खेळून पाहता येत होते. पदार्थविज्ञानाचा एक धडाच त्या पाहुण्यांनी हसत हसत गिरवला. त्यानंतर खेळ मोडण्यात आला आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या कामांना लागले. हिगिनबोथम यांच्या नावावर सुमारे वीस पेटंट होती. या खेळाचे पेटंट घ्यावे असे त्यांना वाटले नाही. घेतले असते तरी ते सरकारजमाच झाले असते.

हा जगातील पहिला व्हिडिओ गेम होता काय, याविषयी जाणकार आजही भांडतात. १९५२ मध्ये केंब्रिजच्या संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर दाखवला गेला होता. पण तो प्रबंधासाठी केलेला प्रयोग होता आणि त्यात काही धावत नव्हते. निव्वळ करमणुकीसाठी केलेला, लोकांनी हाताने खेळलेला आणि हलत्या चित्राचा खेळ म्हटला, की हिगिनबोथम यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९७२ नंतर घरोघरच्या टीव्हीवर असे खेळ आले, त्यांत अमाप पैसा आला, आणि मग वकील ब्रूकहेवनची वाट शोधत आले. टीव्हीवरील खेळांची पेटंट मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ताब्यात होती. ती रद्द ठरवून घ्यायची तर याआधीच असा खेळ झाला होता हे सिद्ध करणे आवश्यक होते. १९८२ मध्ये क्रिएटिव्ह कम्प्युटिंग या मासिकाने हिगिनबोथम यांच्यावर लेख छापला. त्याचे संपादक डेव्हिड अहल यांनी शाळेत असताना तो खेळ स्वतः पाहिला होता. १९८५ मध्ये निन्टेन्डो कंपनी हाच पुरावा घेऊन न्यायालयात गेली. निकाल तिच्याविरुद्ध लागला, आणि तोही पडद्याच्या मुद्द्यावर. हिगिनबोथम यांच्या ऑसिलोस्कोपला टीव्हीसारखा व्हिडिओ संकेत मिळत नव्हता. तेव्हा हा व्हिडिओ गेम म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्या थेटपणामुळे तो पडदा हाताला तत्काळ उत्तर देई, त्याच थेटपणाने त्याला कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवले.

या साऱ्या वादात हिगिनबोथम साक्षीपुरते होते. त्यांचे मन दुसरीकडे गुंतलेले होते. १९६८ मध्ये उपकरण विभागाचे प्रमुखपद सोडून ते अणुसामग्रीच्या रखवालीच्या कामाकडे वळले. वीजनिर्मितीसाठी दिलेले युरेनियम वा प्लुटोनियम ग्रॅमागणिक मोजता यावे, त्यातील थोडेही चोरून बाँबकडे वळवले गेल्यास कळावे, यासाठीच्या पद्धती घडवण्याचे हे काम. १९७४ पासून या विषयाच्या नियतकालिकाचे तांत्रिक संपादन त्यांनी केले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोखरणला भारताचा पहिला अणुस्फोट झाला आणि या मोजमापाच्या प्रश्नाला जगाच्या राजकारणात एकदम धार आली, हा योगायोग. अणुशस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी केलेल्या कामाबद्दल आपले नाव राहावे, अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी घरच्यांपाशी बोलूनही दाखवली होती. मुलाखतीसाठी येणारे मात्र विचारीत टेनिसबद्दल.

१० नोव्हेंबर १९९४ रोजी जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, ब्रूकहेवनच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेथील तंत्रज्ञांनी जुन्या आकृत्या समोर ठेवून तो खेळ पुन्हा बांधावयास घेतला. तीन आठवड्यांत झालेल्या त्या जोडणीचे भाग जमवताना त्यांना नाकी नऊ आले, कारण तशी सामग्री बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. अखेर ती जोडणी पूर्ण झाली, पाहुण्यांच्या हाती डब्या दिल्या गेल्या, आणि वाटोळ्या हिरवट पडद्यावर चेंडू पुन्हा एकदा जाळ्यावरून पलीकडे गेला.