कंपवाताचे निरीक्षक जेम्स पार्किन्सन

वृद्ध मनुष्याचा हात कांपूं लागला, कीं वय झालें असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु त्या कंपामागें पुष्कळदां एक स्वतंत्र रोग असतो. आपल्याकडे ज्यास कंपवात म्हणतात, त्याचें पाश्चात्य वैद्यकांत पहिलें सुसंगत वर्णन करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद वाटेल.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजीं लंडनच्या हॉक्स्टन भागांत झाला. वडिलांप्रमाणें त्यांनींही वैद्यकी पत्करिली व जन्मभर त्याच वस्तींत रुग्णसेवा केली. गरिबांच्या कळवळ्यानें त्यांनीं टोपणनांवानें राजसत्तेवर टीकाही लिहिली. जीवाश्मांचा त्यांना मोठा नाद असून १८०७ सालीं निघालेल्या लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या संस्थापकांपैकीं ते एक होत.

१८१७ सालीं त्यांनीं या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अवघे सहा रुग्ण आहेत; पैकीं दोघे त्यांना रस्त्यांत भेटले आणि एकास त्यांनीं केवळ दुरून पाहिलें. रोगाचें मूळ मानेजवळील मज्जारज्जूंत असावें, असा त्यांचा तर्क होता. परंतु तो सिद्ध झालेला नाहीं, हें मोकळेपणीं सांगून त्यांनीं शरीरशास्त्रज्ञांस शोधाची विनंति केली. २१ डिसेंबर १८२४ रोजीं ते निवर्तले. पुढें फ्रेंच वैद्य शार्को यांनीं रोगास त्यांचें नांव दिलें.

तो तर्क खरा ठरला नाहीं. १९१९ सालीं त्रेतियाकॉफ यांनीं दाखविलें, कीं मेंदूच्या बुडाशीं असलेल्या एका काळसर भागांतील पेशी या रोगांत नष्ट होतात. त्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करतात. १९८३ सालीं कॅनडांत जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील डोपामिनचें चित्र प्रथम घेतलें गेलें. आज प्रचलित असलेल्या एका पद्धतींत किंचित् किरणोत्सर्गी द्रव्य शिरेंत टोचतात. तें त्या पेशींच्या तंतूंच्या टोकांस चिकटतें. निरोगी मेंदूंत दोन तेजस्वी स्वल्पविराम दिसतात. तंतू झिजले, कीं शेपूट जाऊन नुसतें टिंब उरतें. तथापि तसेंच चित्र इतर कांहीं विकारांतही दिसतें. म्हणून रुग्णाची चाल व हात पाहणारा वैद्य अजूनही लागतोच.

यास्तव घरांतील आजोबांचें अक्षर बारीक होऊं लागलें, किंवा चालतांना त्यांचा एक हात हालेनासा झाला, तर त्यांस वैद्याकडे न्यावें. रोग समूळ जात नाहीं, पण औषधांनीं हालचाल पुष्कळ सुधारते. देगलूरसारख्या गांवीं असें यंत्र हाताशीं नसलें, तरी पार्किन्सन यांचें साधन, म्हणजे लक्षपूर्वक पाहणारे डोळे, घरोघरीं आहेत.