लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना लहानपणापासून चित्रकलेचा आणि यंत्रांचा नाद होता. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना ओळखू येत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होण्याची आशा मावळली. तरी खचून न जाता त्यांनी रंगांची गरज नसलेले यंत्ररेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

इकडे वडील बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असा क्रम होता. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. तेथे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे तयार केली आणि १९०३ साली लोखंडी नांगर बनविला.

लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाई. लोखंडी नांगराचा फाळ खोल जाऊन माती उलथून टाकी व तणांची मुळे वर काढी. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पाहावयास लोक येत, हात लावीत आणि मान हलवून निघून जात. भांडवल अडकून पडले. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली! शेतकऱ्याची सारी वर्षभराची भाकरी त्याच्या जमिनीवर अवलंबून असते. तो कोणाच्या शब्दावर ती पणास लावणार नाही, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. म्हणून शेतकऱ्यांना दोष न देता ते धीर धरून राहिले. हळूहळू नांगरटीचा गुण दिसू लागला आणि मागणी वाढली.

इतक्यात नवे संकट ओढवले. कारखान्याची जागा नगरपालिकेस हवी झाली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन आणि कर्ज दिले. १९१० साली निवडुंगांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तेथे अस्पृश्यता पाळू दिली जात नसे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्यांना रखवालीचे काम दिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले व कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा लक्ष्मणरावांची दृष्टी कोल्हापूर संस्थानातील निरुपयोगी झालेल्या जुन्या तोफांकडे वळली. छत्रपती शाहू महाराजांच्या अनुमतीने त्या तोफा मिळाल्या. भट्टीत त्या वितळल्या आणि त्यांच्या लोखंडापासून नांगर तयार झाले. एके काळी रणांगणावर धडाडणारे लोखंड आता शेतात धान्य पिकवू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या त्या नांगरातून एक मोठा उद्योग उभा राहिला आणि उजाड माळावर एक गाव वसले.